डाव्या कोपऱ्यातला पोचा

सोमवार, ३ मार्च

धाकट्या,

वर चिरंजीव लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. खाली आशीर्वादही शोधू नकोस. तू घर सोडून गेल्यापासून मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आजही लिहिली नसती. पण गाडी तुझ्या नावावर आहे आणि सही तुझी लागते. मला नको आहे ती, सरकारला हवी आहे.

गाडीची मुदत या महिनाअखेर संपते. त्याआधी तपासणी होऊन पासिंग झालं तर ती रस्त्यावर, नाहीतर भंगारात. सोबत अर्ज आहे. मी पेन्सिलीने फुली मारली आहे तिथे सही करायची. फुलीवर नाही, फुलीशेजारी. घाई करून कागद खराब करू नकोस, दुसरा आणायचा तर मला पुन्हा त्या खिडकीशी उभं राहावं लागेल आणि त्या खिडकीतल्या माणसाच्या तोंडाला वास येतो.

फोन करू नकोस. माझा उजवा कान गेला आहे आणि डाव्या कानाने तुझा आवाज ऐकायची मला इच्छा नाही. ताईशी तुझं फोनवर बोलणं चालतं, हे मला ठाऊक आहे. तुझा फोन आला की ती म्हणते, "जा रे, जरा नळ बघ, गळतोय वाटतं." नळ गळत नाही. मी जाऊन उभा राहतो.

आता मुद्द्याचं. तुझा पोचा. मागच्या डाव्या कोपऱ्यात, चाकाच्या वर, ताटाएवढा. आठवत नसेल तर आठवण करून देतो. ताईच्या देखत तू मला म्हणालास, "दादा, तू ताईला घाणीत ठेवलंयस." मग तणतणत गाडीत बसलास आणि फाटकाच्या खांबावर मागे घातलीस. मी मागेच उभा होतो, नेहमीसारखा, सगळं डोळ्यांनी पाहिलं. खांबाच्या लोखंडी कडीने पत्रा फाटला. तू उतरलास, बघितलंस, किल्ली मातीत टाकलीस आणि चालत निघून गेलास. किल्ली मी साबणाने धुऊन घेतली.

घाणीत म्हणे! मी गुडघे टेकून फरशी पुसतो. रोज नाही, पण पुसतो.

तर प्रश्न असा की या पोच्यामुळे गाडी नापास होईल का? समोरचा निवृत्त पोस्टमन छातीठोकपणे सांगतो की पोचा दिसला की गाडी बाजूलाच काढतात. दूधवाला म्हणतो, कुत्रं विचारत नाही पोच्याला. दोघांकडेही गाडी नाही. मला झोप नाही. गाडी गेली तर ताईचं काय? तिचा गुडघा आता वाकतच नाही. दर गुरुवारी तिला इस्पितळात पाय शेकायला आणि ताणून घ्यायला न्यावं लागतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या आहेत, यात खंड पडला तर ती अंथरुणालाच खिळेल. दुसऱ्या गाडीत तिला बसता येत नाही. तू मागच्या सीटवर फळी टाकून गादी लावली होतीस ना, तिच्यावर पाय लांब करून ती बसते. तेवढं एक काम तू बरं केलंस. फळीला रंधा मारायला विसरलास, ते वेगळं.

सही पाठव.

तुझा थोरला भाऊ, फक्त कागदोपत्री


रविवार, ९ मार्च

धाकट्या,

अजून अर्ज आला नाही. तुला एक सही करायला किती दिवस लागतात? लहानपणी माझ्या वहीवर बाबांची सही करायला तुला पापणी लवायचाही वेळ लागत नव्हता.

काल गाडी साफ केली. तपासणीला न्यायची तर घाणेरडी कशी न्यायची? डिकी उघडली आणि मला अन्न जाईना. उंदराने संसार थाटला होता. ताईची जुनी मफलर कुरतडून गादी केलेली, वर लेंड्या, आणि एका कोपऱ्यात काहीतरी मेलेलं. काय होतं ते मी बघितलं नाही, चिमट्याने उचललं आणि डोळे मिटून टाकलं. नंतर कळलं की तो चिमटा स्वयंपाकघरातला होता. टाकून दिला. म्हणजे टाकणार आहे.

ताई ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "उंदरालाही तुझ्याकडेच राहावंसं वाटलं बघ. धाकट्याने हाकललं असतं."

मी डिकी आपटून लावली.

मग गाडी ठोक्याकडे नेली. ठोक्या म्हणजे कोपऱ्यावर पत्र्याचं काम करतो तो, तू असतानाही तोच होता, आता पोट सुटलंय. हात इतके काळे की चहाच्या कपावर बोटं उमटतात, आणि तोच कप तो मला देत होता. मी म्हटलं, मला पित्त आहे. त्याने पोचा बघितला, अंगठ्याने दाबला आणि म्हणाला, "काका, हा आजचा नाही. गंज धरलाय. किती वर्षं सांभाळलात?"

"सांभाळला म्हणजे काय?"

"म्हणजे पोराला सांभाळतात तसा. आजूबाजूला गाडी धुतलेली आणि एवढाच भाग तसाच. खांबाचा हिरवा रंगसुद्धा आहे अजून."

आहेच. तुला सांगतो, मी तो भाग धुत नाही. का धुवावा? उद्या तू म्हणशील, मी कुठे गाडी ठोकली, दाखव. म्हणून खांबाचा रंग त्याच्यावर तसाच ठेवला आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो. गॅसवाल्यालाही दाखवला. ठोक्या म्हणाला, "ठोकून काढू?" मी म्हटलं, "हात लावायचा नाही." तो हसला. दात घासत नसावा.

फाटलेल्या पत्र्याची मात्र एक पंचाईत आहे. कडीने ओढल्यामुळे पत्र्याची जीभ बाहेर आली आहे. ताई गाडीला धरून धरून मागून येते, तेव्हा त्या जिभेत तिची शाल अडकून फाटली. तेव्हापासून तिने माझ्याकडून त्यावर चिकटपट्टी मारून घेतली आहे, रुंद, काळी, खोक्यांना लावतात ती. तिच्यावर धूळ बसून बसून कडा मेणचटल्या आहेत. हात लागला की शिसारी येते.

पट्टीमुळे पोचा पुरता दिसत नाही, हे मला आवडलेलं नाही. पण शालीपुढे माझं काही चाललं नाही.

सही?


गुरुवार, १३ मार्च

धाकट्या,

अर्ज मिळाला. सही फुलीवरच केलीस.

सोबत चिठ्ठी. चिठ्ठीत एक ओळ. "पोच्याने पासिंग अडत नाही, ब्रेक आणि दिवे बघून घे." बस? इतक्या वर्षांनी भावाला लिहायला तुला एवढंच सुचलं? ताई कशी आहे, दादा तुझा कान कसा आहे, घर कसं आहे, काही नाही. पोच्याने अडत नाही! ज्याने पोचा पाडला त्यानेच सांगायचं की त्याचं काही नाही. मी ती चिठ्ठी वाचली आणि तोंड कडू झालं. चूळ भरून आलो, तरी गेलं नाही.

ताईने मागितली म्हणून दिली. तिने वाचून उशाखाली ठेवली. मी म्हटलं, "त्यात ठेवण्यासारखं काय आहे?" म्हणाली, "अक्षर."

ब्रेक बघून घेतले. दिव्यांपैकी मागचा एक लागत नव्हता, तो बदलून घेतला. तू सांगितलंस म्हणून नाही. ते मी करणारच होतो.

मंगळवारी नेतोय. मला धडकी भरली आहे. मी आयुष्यभर लिफ्ट चालवली, धाकट्या. वर आणि खाली. मागेपुढे जायची मला सवय नाही. गाडी काय, तू गेलास म्हणून माझ्या गळ्यात पडली. पुढे न्यायला जमते कशीतरी, मागे घेताना अजून घाम फुटतो. आरशात मला सगळे खांबच दिसतात. तुला कधी आरशात बघावंच लागलं नाही. मी मागे उभा राहून "येऊ दे, येऊ दे" म्हणायचो आणि तू माझ्या आवाजावर डोळे मिटून यायचास. फाटकातून बाहेर काढताना चार बोटं जागा राहायची दोन्हीकडे. मी "बस" म्हटलं की थांबायचास. ताई खिडकीतून म्हणायची, "एकाचे डोळे, एकाचे पाय, दोघांत मिळून एक डायव्हर."

असो. आता माझ्यामागे कोणी उभं राहत नाही.


मंगळवार, १८ मार्च

धाकट्या,

नापास.

सगळं सांगतो, कारण ताई तुला फोनवर सांगणारच आहे आणि ती तिच्या पद्धतीने सांगेल.

सकाळीच गेलो. मोठी पत्र्याची शेड, आत धूर, जमिनीवर तेल, त्या तेलावर भुसा, त्या भुशावर लोक थुंकलेले. मुतारीचा वास रांगेच्या शेवटापर्यंत. माझ्यापुढे कोंबड्या वाहणारा टेम्पो होता, रिकामा, पण पिसं उडून माझ्या काचेवर चिकटत होती. मी नाकाला रुमाल लावून बसलो होतो. दलाल नावाचा प्राणी येऊन खिडकीवर टकटक करत होता, "काका, पोचा आहे, अडकाल, मी करून देतो." त्याच्या नखांत काय होतं ते देवालाच माहीत. मी काच वर केली तर त्याची बोटं आत राहता राहता वाचली.

तपासणीला एक बाई होती. तिला सर्दी झालेली. नाक पुसायचा आणि माझ्या गाडीची नंबरपट्टी पुसायचा रुमाल एकच. पण काम चोख. गाडी रुळांवर घेतली, चाकं जागच्या जागी फिरवून ब्रेक बघितले. "ठीक." हँडब्रेक, "ठीक." दिवे, भोंगा, वायपर, पट्टे, टायर. वाकून खालून टॉर्च मारला. प्रत्येकाला "ठीक, ठीक" म्हणत होती आणि तिच्या प्रत्येक ठीकला माझा जीव एकेक पायरी खाली उतरत होता. मग ती मागे आली. पोच्यावरून नजर फिरवली आणि पुढे गेली.

पुढे गेली, धाकट्या! थांबलीसुद्धा नाही.

मी म्हटलं, "बाई, इथे एक पोचा आहे."

"दिसला."

"मोठा आहे."

"असू दे की, काका. पोच्याने गाडी चालायची थांबते का? पोचे, ओरखडे, रंग उडालेला, ते आम्ही धरत नाही. तो तुमच्या शोभेचा प्रश्न."

शोभेचा! मी तिथे तेलात उभा, आणि ती कागदावर सही करायला पेन काढत होती. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. मला वाटलं, हिने माझी इतकी वर्षं एका शिंकेसरशी उडवून दिली. मी म्हटलं, "साधा पोचा नाही हो हा. माझ्या भावाने भांडून घर सोडताना..."

"काका, मागे रांग बघा."

"तुम्ही नीट बघितलाच नाही. अर्धा तर पट्टीखाली आहे."

मागच्या गाडीतला एक जण ओरडला, "अहो आजोबा, पास करतेय ती तुम्हाला! घ्या ना पदरात आणि निघा!"

आणि मी काय केलं? वाकलो आणि ती काळी मेणचट पट्टी या हातांनी टराटरा सोलून काढली. म्हटलं, "हे बघा. हे तुमच्या दृष्टीने काहीच नाही?"

तिने वाकून हात लावला आणि "आई गं" म्हणून मागे ओढला. बोट कापलं होतं. त्या सर्दीच्या रुमालालाच तिने रक्त पुसलं. मग तिने टॉर्च धरून बघितलं, चांगलं निरखून, जसं मला हवं होतं तसं.

"ही धार आहे, काका. रस्त्याने कोणाचं पोर घासून गेलं तर मांडी फाटेल. ही अशी बाहेर आलेली धार आम्ही सोडत नाही."

"पण तुम्ही आत्ता म्हणालात पोच्याने..."

"पोच्याने नाहीच. धारेने. पोचा ठेवा हवा तर आयुष्यभर. पण धार काढून, पत्र्याची पट्टी मारून परत आणा. मुदत संपायच्या आत."

आणि कागदावर शिक्का. नापास.

हा शब्द मी याआधी एकदाच बघितला होता, सातवीच्या निकालावर. तेव्हा बाबांनी मला लिफ्टच्या नोकरीला लावलं आणि तू पुढे शिकलास. त्या दिवशी मी घरी यायला घाबरलो होतो तसाच आजही घाबरलो. गाडी कोपऱ्यावर लावून बसून राहिलो. शेवटी आलो. ताईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण! अरे, ती पास करत होती ना?"

"करत होती."

"मग तुला काय हवं होतं? तिने पोच्याला नमस्कार करायला हवा होता?"

मला हवं होतं की कोणीतरी सरकारी माणसाने म्हणावं, हो, हे फार वाईट झालेलं आहे.

ती पट्टी अजून माझ्या बोटांना चिकटल्यासारखी वाटते. दोनदा रॉकेलने हात धुतले.


शुक्रवार, २१ मार्च

धाकट्या,

नापास गाडी काढू नये म्हणून काल ताईला टॅक्सीने नेलं. त्या टॅक्सीत कोणीतरी आदल्या दिवशी ओकलेलं होतं आणि वर अत्तर मारलेलं होतं. दोन्हींचा मिळून जो वास होतो तो मी तुला सांगू शकत नाही. ताईला आत घालायची तर पाय बाहेर राहतो. मी ढकलतोय, टॅक्सीवाला ओढतोय. तो म्हणतो, "मावशी, जरा पाय दुमडा ना." ताई म्हणाली, "दुमडता आला असता तर तुझ्या उकिरड्यात कशाला बसले असते, चालत गेले असते." तो हसला. मग त्याने घाईत दार लोटलं आणि ते तिच्या घोट्यावर बसलं.

ती ओरडली नाही. गेली कित्येक वर्षं ती माझ्यासमोर ओरडलेली नाही. तिने माझी बाही घट्ट धरली आणि म्हणाली, "घरी चल." इस्पितळ राहिलं. घोटा सुजलाय, काळानिळा झालाय.

रात्री जेवताना तिने ताट बाजूला सारलं. ताट नीट घासलेलं नव्हतं, कडेला कालचं वाळलेलं होतं. मला दिसत नाही हल्ली, धाकट्या, अशा कडांचं. मी म्हटलं, "हे सगळं त्याच्या पोच्यामुळे." ताई म्हणाली, "मी खिडकीत होते त्या दिवशी."

"मग?"

"तो मागे येत होता आणि तू मागे उभा होतास. तू 'येऊ दे'ही म्हणाला नाहीस आणि 'बस'ही म्हणाला नाहीस."

मी म्हटलं, इतकं बोलून गेल्यावर कोणी कोणाशी बोलतं का? मी काय त्याचा नोकर आहे?

ती म्हणाली, "तो काच खाली करून डोकं बाहेर काढून येत होता. ऐकायला."

मी उठून ताट घासायला गेलो. नळ सोडला. मला या बायकांच्या आठवणीचा तिटकारा आहे. नको ते सगळं धरून ठेवतात.

हे पत्र टाकावं की नाही, ठरलेलं नाही.


बुधवार, २६ मार्च

चि. धाकट्यास,

ते पत्र टाकलं. आता त्याचं काही करता येत नाही.

सोमवारी गाडी ठोक्याकडे नेली. ताईही हटून बसली, म्हणाली मी गाडीतच बसते, घरात बसून पाठ आंबली आहे. ठोक्याने विचारलं, "काका, बाईंनी नुसती धार काढायला सांगितली आहे. नुसती धार काढू, की पोचाही?"

"नुसती धार," मी म्हटलं. "बाकी हात लावायचा नाही."

मागून आवाज आला, "ऐक रे त्याचं. पोचा काढलास तर म्हातारा वारेल."

ठोक्याने ती पत्र्याची जीभ कापली, घासली, आतून पट्टी जोडली. ठिणग्या उडत होत्या. पट्टी धरायला त्याने डिकीतून हात आत घातला, कोपरापर्यंत, आणि पट्टी बसेना म्हणून आतून एक गुद्दा मारला.

टक्क.

तेवढाच आवाज झाला. पाण्याचा डबा रिकामा झाल्यावर करतो तसा. आणि पोचा बाहेर आला. ताटाएवढा पोचा, तुझा पोचा, एका गुद्द्यात सरळ! एक वाटीएवढी खळगी राहिली फक्त, आणि सगळीकडे हिरव्या रंगाच्या खपल्या जमिनीवर.

मी ओरडलो, "अरे काय केलंस हे?"

ठोक्या घाबरला. "मी नाही काही केलं, काका! पत्रा पातळ असतो. आतून ढोसलं की येतो बाहेर. कधीही आला असता."

"कधीही?"

"त्याच दिवशीसुद्धा. घरच्या घरी, बुटाने."

गाडीत ताई हसायला लागली. तू तिचं ते हसणं विसरला असशील, आधी आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात, आणि मग खोकला. ती हसून हसून रडायला लागली आणि मला म्हणाली, "बघ, बुटाने!" मला तिथेच बसावंसं वाटलं, पण ठोक्याच्या स्टुलावर ग्रीस होतं. तरी बसलो. पँट गेली कामातून.

मला किळस आली, धाकट्या. तुझी नाही. ठोक्याचीही नाही. इतकी वर्षं आल्यागेल्याला मी काय दाखवत होतो? बुटाने निघाला असता.

काल पुन्हा तपासणी. तीच बाई. सर्दी गेली आहे, बोटाला पट्टी आहे. मला बघून म्हणाली, "काका, आज काही दाखवायचं आहे का?" मी म्हटलं, "नाही." तिने कोपऱ्यावरून तळहात फिरवला, आधी जपून, मग पुरता. "ठीक." आणि शिक्का मारला. गाडी पास झाली. त्याच दलालाने मागून टाळ्या वाजवल्या, त्या हातांनी.

उद्या गुरुवार आहे. ताईला इस्पितळात नेणार, फळीवर, पाय लांब करून. गुडघ्याला हवंच होतं, आता घोट्यालाही हवं.

घरी भांडी मी पुन्हा एकदा सगळी घासली. ताईला चष्मा लावून कडा बघायला बसवलं. तिने निम्मी परत केली. ते घाणीचं तू म्हणाला होतास त्याबद्दल मी काही लिहीत नाही. चिमटा मात्र टाकला.

आता ऐक. ताई म्हणते, रविवारी तुझ्याकडे यायचं. मी म्हटलं, टॅक्सीने जा. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी तो विषय सोडला. तेव्हा मी आणतोय. मी आत येईन की गाडीत बसेन, ते तिथे आल्यावर ठरवू.

ती सांगते, तुझ्या घराची पायरी फाटकातून शिरल्यावर उजवीकडे आहे आणि फाटक अरुंद आहे. तिला डाव्या दाराने उतरवावं लागतं. म्हणजे गाडी सरळ नेऊन चालणार नाही, उलटी आत घ्यावी लागणार. मला ते एकट्याला जमणार नाही. आरशात मला खांबच दिसतात, हे तुला लिहिलंच आहे.

तेव्हा रविवारी आम्ही भोंगा वाजवला की बाहेर ये. आधी बोलायचं काही नाही, विचारायचं काही नाही. गाडीच्या मागे जाऊन उभा राहा. मी काच खाली करून डोकं बाहेर काढीन. "येऊ दे, येऊ दे" म्हण. डाव्या बाजूने म्हण, उजवा कान गेलाय. आणि खांब आला की "बस" म्हण.

मोठ्याने म्हण.

अनेक आशीर्वाद.

दादा